चेंडूवर की चकतीवर

"सोडा तो चेंडू," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा," तो म्हणाला.

माझी बोटं एका बाजूला, त्याची दुसऱ्या बाजूला आणि मधे चिखलाने माखलेला एक जुना गोल्फचा चेंडू. गोल्फच्या मैदानामागे तळं आहे. खेळणाऱ्यांचे भरकटलेले चेंडू त्यात पडतात, एक पाणबुड्या बुडी मारून ते काढतो आणि टोपल्यांत भरून काठावर विकतो. त्याच्या टोपलीशी आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो. वारा सुटला होता, दोघांच्याही बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या आणि माघार घ्यायला कोणीच तयार नव्हतं.

"मी आधी पाहिला."

"पाहिला असेल. धरला मी आधी."

"खेळता का तुम्ही?"

"नाही. तुम्ही?"

"मी... नाही."

"न खेळणारी माणसं बुडालेल्या चेंडूवरून भांडतात, हे आज पहिल्यांदाच बघतोय," पाणबुड्या म्हणाला आणि पुन्हा पाण्यात शिरला.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी तावातावाने वर पाहिलं. पण या माणसाचं हसू आधी डोळ्यांत आलं होतं, ओठ अजून सभ्यपणे मिटलेले होते... अशा माणसावर धड चिडताही येत नाही. तेवढ्यात त्याने अंगठ्याचं नख चेंडूच्या कव्हरमध्ये रुतवून पाहिलं.

मी चपापले. अनोळखी चेंडू हातात आला की मीही नेमकं हेच करते. कव्हर किती कडक, किती मऊ, हे नखाला लगेच कळतं.

"हे काय करताय?"

"काही नाही. सवय आहे."

"कसली?"

"वाईट," तो म्हणाला आणि त्याने चेंडू सोडून दिला. "घ्या. पण एका अटीवर. हात धुवायला आणि कॉफी प्यायला कँटीनपर्यंत माझ्याबरोबर यायचं."

"ही लाच झाली."

"मग घ्या की लाच. कोण बघतंय?"

पाणबुड्या बघत होता. तरी मी गेले.

आता तो चेंडू मला कशाला हवा होता, ते सांगते. मला मावशीने वाढवलं आणि मावशीचा गोल्फचे चेंडू बनवायचा छोटासा कारखाना आहे. गोल्फच्या चेंडूचं सगळं नशीब त्याच्या कव्हरात असतं. कव्हर कडक केलं तर चेंडू लांब जातो, पण फटका मारणाऱ्याच्या मनगटाला दगडावर काठी आपटल्यासारखी झिणझिणी येते. मऊ केलं तर दोन फटक्यांत चिरतो. मी कडक आणि मऊ अशी दोन रेझिनं, म्हणजे कव्हरची प्लॅस्टिकं, एकत्र करून मधलं कव्हर तयार केलं. बोलायला सोपं आहे. ते मिश्रण जमेपर्यंत मी इतके चेंडू फुकट घालवले, की मावशीने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. जमलं त्या दिवशी मात्र तिने पहिला चेंडू पदराने पुसून कपाटात ठेवला.

आणि मग मोठ्या कंपनीची नोटीस आली. त्यांच्याकडे पेटंट होतं. दोन रेझिनांचं मिश्रण असलेलं कव्हर आणि कडकपणा साठच्या आत, असं ज्या चेंडूचं असेल तो त्यांचा. तुमचा चेंडू यात बसतो, म्हणे. बनवणं बंद करा, साचे मोडून टाका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या कव्हरच्या मिश्रणाची सपाट चकती पाडून तिच्यावर मोजलं की कडकपणा त्रेसष्ट भरतो, हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं.

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, पेटंटच्या आधीचा कुणाचा असा चेंडू सापडला तर बरं होईल, मग त्यांचं पेटंटच टिकणार नाही. बंद पडलेल्या एका कारखान्याचे चेंडू तळ्यात असतील, असं मी ऐकलं होतं. म्हणून तो चेंडू.

घरी येऊन मी तो कापला. साधं एकाच रेझिनचं कव्हर निघालं, काही उपयोगाचं नाही. पण तोवर मी कँटीनमध्ये पुन्हा भेटायचं कबूल करून बसले होते.

"तुम्ही काय करता?" त्याने दुसऱ्या भेटीत विचारलं.

"प्लॅस्टिकच्या कामात आहे."

"मीही."

नोटिशीबद्दल बाहेर बोलायचं नाही, अशी वकीलबाईंची ताकीद होती. त्यालाही कुणाची तरी असावी. आम्ही दुसऱ्याच गोष्टींवरून वाद घालायचो. कॉफीत साखर आधी की दूध आधी, पाऊस येणार की नाही, माझी पर्स जास्त जड की त्याची बॅग. तो खिशातून मोजपट्टी काढून टेबलाची उंचीसुद्धा मोजायचा.

"तुम्ही फार वाद घालता," तो म्हणायचा.

"तुम्ही फार चुकता."

"चुकलो नाही तर तुम्ही बोलणार कशाला माझ्याशी?"

मी कॉफीत बघत बसायचे. कॉफीत बघण्यासारखं काही नसतं, पण कान तापले की कुठेतरी बघावं लागतं. घरी आल्यावर मावशी विचारायची, "हसतेस कशाला एकटीच?" मी म्हणायचे, "हसत नाहीये, दात दुखतोय." मावशी म्हणायची, "मग दुखू दे असाच, बरा दिसतोय."

मग संयुक्त चाचणीचा दिवस आला. अशा भांडणात एक पद्धत असते. कुठल्याच बाजूची नसलेली प्रयोगशाळा निवडायची, तिथे दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी समोरासमोर बसायचं, एकाने चेंडू धरायचा, दुसऱ्याने कडकपणा मोजणाऱ्या मीटरची सुई दाबून आकडा वाचायचा. म्हणजे नंतर कोणी लबाडीचा आरोप करायला नको. मी पांढरा कोट घालून आत गेले. टेबलापलीकडे कंपनीचा बिल्ला लावून तो बसला होता.

प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मी शेवटी विचारलं.

"शपथ... नाही. तुम्हाला?"

"माहीत असतं तर तो चेंडू तुमच्या डोक्यात घातला असता."

"कडक होता तो," तो हळूच म्हणाला. "लागला असता."

मला हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. तळ्यावर तोही तोच चेंडू शोधायला आला होता. आधीचा असा चेंडू खरंच आहे का, हे बघायला कंपनीने त्याला पाठवलं होतं. आणि तरी त्याने तो मला देऊन टाकला होता. पण हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा मी फक्त चेंडू उचलला आणि दोन बोटांत घट्ट धरला. त्याने मीटरची सुई माझ्या चेंडूवर टेकवली. त्याचं मनगट माझ्या मनगटाला लागलं, आणि आम्ही दोघांनी ते लागलंच नाही असं दाखवलं.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला.

"काहीतरीच काय. चकतीवर मोजा."

"आमच्याकडे चेंडूवरच मोजतात."

"चेंडूवर मोजलं की खालचा गाभा सुईखाली दबतो. माझा गाभा मऊ आहे. तुमची सुई कव्हर मोजतच नाहीये, आतलं सगळं मोजतेय."

"लोक चेंडू खेळतात. चकती कोणी खेळत नाही."

"पेटंट कव्हरचं आहे, चेंडूचं नाही."

"पेटंटमध्ये कशावर मोजायचं ते लिहिलेलं नाही."

"म्हणून जे सोयीचं ते घ्यायचं?"

त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, आणि माझंही नव्हतं. सारं भांडण एवढ्यावरच येऊन ठेपलं होतं, चेंडूवर की चकतीवर. त्याने चेंडूवरचा आकडा अहवालात लिहिला. मी खाली 'मान्य नाही' असं लिहून इतक्या जोरात सही केली की कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिश्रण ढवळत असताना त्याचा फोन आला.

"निकाल लागेपर्यंत आपल्याला भेटता येणार नाही. नियम आहे."

"मग नका भेटू."

"ऐका ना... मला काही सांगायचं आहे, पण ते आत्ता सांगता येत नाही."

"मी विचारलंय का? मला तुमच्याकडून काहीही नकोय. ना खबर, ना मेहेरबानी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर..."

त्याने वाक्य अर्धवट सोडलं. मी फोन ठेवला आणि सगळं मिश्रण करपवलं.

मग कंपनीचं तडजोडीचं पत्र आलं, गोडगोड भाषेतलं. कारखाना सुरू राहील, आमच्या परवान्याने चेंडू बनवा. फक्त हे कव्हर मूळ कंपनीचंच आहे, असं लिहून त्यावर माझी सही हवी. शिवाय माझ्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी. त्याच प्रयोगशाळेत.

मावशीने पत्र दोनदा वाचलं. चाचणीची हकीकत मी सांगितल्यापासून तिने त्याला मनातल्या मनात 'सुईवाला' असं नाव ठेवलं होतं, ते आता तोंडावर आलं. "सही करून टाक. माणसांची कामं टिकतील. आणि तुझा तो सुईवाला रोज दिसेल."

"माझा कुठे आहे तो?"

"दात दुखायचा ना तुझा?"

खरं सांगायचं तर, एक क्षण मला ती प्रयोगशाळा दिसली. शेजारीशेजारी दोन टेबलं, दिवसभर वाद आणि चार वाजता कॉफी. जीव अडकला होता माझा त्यात. पण त्या दाराशी जायला मला माझ्याच कामावर दुसऱ्याचं नाव लिहून द्यावं लागणार होतं. मग आत गेल्यावर त्याच्या डोळ्यांत मी कुठल्या तोंडाने बघणार होते?

"मावशी, ते कव्हर मी बनवलंय."

कारखाना मावशीचा होता, तिच्या उभ्या आयुष्याची कमाई होती. मग तिने पत्राची घडी घातली.

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? कळव त्यांना नाही म्हणून."

सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. पुढे सुनावणी अधिकारी बसल्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेल्या, कशाचंच आश्चर्य वाटत नसलेल्या बाई. एका टेबलावर दोन्हीकडचे चेंडू, चकत्या आणि मीटर मांडून ठेवलं होतं. प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ बाईही साक्षीला आल्या होत्या. कंपनीच्या वकिलांनी पहिला साक्षीदार बोलावला. तो.

तो वाळला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी मात्र त्याच्यावरून नजर काढली नाही, म्हटलं होऊन जाऊ दे.

साक्षीआधी एक ठरलेला प्रश्न असतो. सगळे 'नाही' म्हणतात आणि पुढे जातात. अधिकारीबाईंनी कागदातून मान वर न करताच विचारला, "दोन्हीपैकी कुठल्याही पक्षाशी आपलं काही नातं किंवा जवळीक आहे का?"

"आहे," तो म्हणाला.

पंख्याचा आवाज अचानक मोठा वाटायला लागला. अधिकारीबाईंनी चष्मा वर केला.

"कुठल्या पक्षाशी?"

"समोरच्या."

"काय नातं?"

"नातं म्हणजे..." तो थांबला. मग सरळ उभा राहिला. "माझं त्यांच्यावर प्रेम आहे. त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. विचारायची परवानगी नव्हती."

मावशीने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. कंपनीच्या वकिलांचा चेहरा पडला. आमच्या वकीलबाई मात्र उजळून निघाल्या. त्या माझ्या कानाशी लागल्या, "जिंकलो आपण. असा साक्षीदार चालत नाही. त्याचा अहवाल बाद. त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही."

त्या उठायच्या आत मी उठले.

"अहवाल बाद करू नका," मी म्हणाले.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "खाली बस," त्या दातांमधून म्हणाल्या.

"नाही बसणार. उद्या सगळे म्हणतील, एक माणूस हिच्यावर भाळला म्हणून हिचा चेंडू सुटला. माझ्या कव्हरला कुणाच्या प्रेमाची सूट नको. मोजा. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर."

"तुम्ही बोलणार असाल तर तोच प्रश्न तुम्हालाही विचारावा लागेल," अधिकारीबाई म्हणाल्या. "त्यांच्याशी आपली काही जवळीक?"

"आधी मोजा. मग सांगते."

माझा आवाज चढला होता. आता हाकलून देतात की काय, असं वाटलं. पण अधिकारीबाईंनी तंत्रज्ञ बाईंना खूण केली. आम्हा दोघांनाही हात लावू द्यायचा नाही, असं ठरलं. तंत्रज्ञ बाईंनी माझा चेंडू घेतला, सुई दाबली. अठ्ठावन्न. कंपनीचे वकील मागे टेकून बसले. मग माझ्या कव्हरची चकती. त्रेसष्ट.

"म्हणजे तुम्ही दोघंही खरं बोलत होता," अधिकारीबाई म्हणाल्या. "आता कुठला आकडा धरायचा?"

"चेंडूवरचा," कंपनीचे वकील म्हणाले. "आमची पद्धत तीच आहे."

"नक्की?" मी विचारलं. "तीच पद्धत?"

"अर्थात."

"मग तुमचा चेंडू घ्या. ज्यावर तुम्ही पेटंट मिळवलंत, तो. आणि त्याच पद्धतीने मोजा."

त्यांच्या पेटंटमध्ये त्या चेंडूसाठी पंचावन्न असा आकडा होता. तो चकतीवरचा होता, हे मला त्या नोटिशीबरोबरच्या कागदांवरून कळलं होतं. माझा चेंडू त्यांनी चेंडूवर मोजला, स्वतःचा चकतीवर. त्यांचं कव्हर मऊ आणि पातळ, पण खालचा गाभा कडक. सुई कव्हरातून खाली गेली की गाभा तिला दाबू देणार नाही, आकडा वर जाईल. जायला हवा. मी करून पाहिलं नव्हतं. माझा फक्त माझ्या कामावर भरवसा होता, आणि मावशीचा कारखाना मी त्या भरवशावर पणाला लावून मोकळी झाले होते.

तंत्रज्ञ बाईंनी कंपनीचा चेंडू धरला. कंपनीचे वकील अर्धवट उठले. "याची गरज नाही..."

"आहे," साक्षीदाराच्या जागेवरून तो म्हणाला. "मी हे महिन्याभरापूर्वी लेखी कळवलं होतं. अहवालात नको, असं मला सांगण्यात आलं."

सुई दाबली गेली.

"चौसष्ट," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. मग खात्रीसाठी चेंडू फिरवून पुन्हा दाबली. "चौसष्टच."

चेंडूवर मोजलं तर कंपनीचा स्वतःचाच चेंडू तिच्या पेटंटबाहेर, म्हणजे ते माप पेटंटचं असूच शकत नव्हतं. चकतीवर मोजलं तर माझा. कुठूनही धरलं तरी माझं कव्हर त्यांचं होत नव्हतं. कंपनीच्या वकिलांनी थोडा वेळ मागितला, बाहेर जाऊन फोनवर बोलले, आणि परत आले ते दावा मागे घेतो असं सांगायलाच. मावशी रडत होती आणि डोळ्यांत काहीतरी गेलंय असं शेजारच्यांना सांगत होती.

त्या वेळात तो भिंतीशी उभा होता. त्याची नोकरी गेली, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मी त्याच्याजवळ गेले.

"हे सगळं तुम्ही साक्षीतच सांगणार होता ना?"

"हो."

"मग त्या पहिल्या प्रश्नाला नाही म्हणायचं. तुमचं म्हणणं ऐकलं गेलं असतं. मला उठावंही लागलं नसतं."

"पहिल्याच प्रश्नाला खोटं बोललो असतो, तर पुढच्या उत्तरांना काय किंमत राहिली असती?" तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "आणि... नाही म्हणवतच नव्हतं."

मी काही बोलणार, तोच आम्हाला आत बोलावलं. दावा मागे घेतल्याची नोंद झाली. अधिकारीबाई कागद गोळा करायला लागल्या.

"माझं उत्तर राहिलंय," मी म्हणाले.

"आता त्याची गरज नाही. प्रकरण संपलं."

"तुम्हाला नसेल. मला आहे."

वकीलबाईंनी माझी बाही ओढली. कंपनीचे वकील बॅग बंद करता करता थांबले. तो जिथे होता तिथेच उभा राहिला, बिल्ला काढलेला, हात रिकामे.

"आहे," मी म्हणाले. "जवळीक आहे. तळ्यावर भेटलो तेव्हापासून आहे. आज मी हरले असते, साचे मोडले असते, तरी होती. यांच्या कंपनीने नाही म्हटलं तरी आहे, आणि यांना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी आत्ताच सांगावं, मला पुढची कामं आहेत."

"जमेल," तो म्हणाला. "पण चेंडूवरच मोजायचं."

"चकतीवर."

अधिकारीबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला बसलेल्या लेखनिकाला म्हणाल्या, "हे सगळं लिहून घ्या. वाद मिटलेला नाही, असंही लिहा."